मोबाइलवरची शाळा आणि आपल्या जिल्ह्यातील दरी

“सर, आज फोन दादाकडे आहे.”

२०२० च्या पावसाळ्यात हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची मोजदाद मी ठेवली नाही. महाविद्यालय बंद होते आणि समाजशास्त्राचा तास मी माझ्या घराच्या गच्चीवरून, हातातल्या फोनकडे पाहत घेत होतो. गच्चीवरून अशासाठी, की खाली रेंज मिळत नसे. हजेरी घ्यायची म्हणजे पडद्यावर उमटलेली नावे वाचायची. वर्गात पुढच्या बाकावर बसणाऱ्या, नेटकी टिपणे काढणाऱ्या कितीतरी मुली या हजेरीत दिसेनाशा झाल्या. एखादी मग संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या फोनवरून बोले आणि वरचे कारण सांगे. दादा शेतात गेला की फोन त्याच्या खिशातून शेतात जाई. दादा घरी आला की फोनही घरी येई, पण तोवर स्वयंपाकाची वेळ झालेली असे.

मी समाजशास्त्र शिकवतो. कुटुंब, सत्ता, स्तरीकरण हे शब्द वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. तथापि घरातला एक फोन दिवसभरात कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातो, याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची बुद्धी मला त्या पावसाळ्यापूर्वी झाली नव्हती. प्रस्तुत लेख हा त्या उशिरा आलेल्या बुद्धीचा परिणाम आहे. विद्यार्थी मित्रांनी तो पाठ्यपुस्तकातील प्रकरण म्हणून वाचू नये. त्यात माझे चुकलेले अंदाजही आहेत.

प्रथम संज्ञेविषयी. ‘डिजिटल डिव्हाइड’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात. १९९५ साली अमेरिकेच्या व्यापार खात्याच्या एका विभागाने आपल्या देशातील खेड्यांत आणि शहरांत टेलिफोन व संगणक कोणाकडे आहेत आणि कोणाकडे नाहीत, याची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे हीच चर्चा जगभर पसरली. मराठीत कोणी ‘अंकीय दरी’ म्हणतात, कोणी ‘डिजिटल दरी’. अंकीय म्हटले की आमच्या मुलांना गणिताचा पेपर आठवतो, म्हणून मी दुसरा शब्द पत्करतो. यान व्हान डाइक या डच अभ्यासकाने या दरीच्या चार पायऱ्या कल्पिल्या आहेत : वापरण्याची इच्छा, प्रत्यक्ष साधन, ते हाताळण्याचे कौशल्य आणि शेवटी खरोखरीचा वापर. एक पायरी चढली म्हणजे पुढची आपोआप चढली जाते असे नाही, हे त्याच्या मांडणीचे सार. आपल्याकडे मात्र साधन वाटले की काम झाले अशी समजूत आहे. वाटपाचा फोटो निघतो. पुढच्या पायऱ्यांचा काढता येत नाही.

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ असे आपण थट्टेने म्हणतो. थट्टा बाजूला ठेवून आकडे पाहिले तर २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के. राज्याचे प्रमाण त्याच वेळी ८२ टक्क्यांच्या वर होते. हे अंतर फोनमुळे पडलेले नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि वरच्या वर्गांचे शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून चाले. १९१८ साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषाही उर्दूच. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला पुढे शिकायचे तर आधी दुसरी लिपी आणि दुसरी भाषा ओलांडावी लागे. माझ्या आजोबांचे शिक्षण त्या उंबरठ्यावरच संपले. वडिलांच्या पिढीला भाषा आपली मिळाली, पण महाविद्यालय दूर होते. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) निघाले, परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली, आणि आज आपले महाविद्यालय ज्याला संलग्न आहे ते नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली. तेव्हा दरी हा आमच्याकडे नवा पदार्थ नव्हे. तिचे रूप तेवढे बदलत गेले.

आता साधनांकडे वळू. मोबाइलवरून शिक्षण देण्याची कल्पना आजची असली, तरी दुरून येणाऱ्या आवाजाने खेड्याला शिकवण्याचा एक मोठा प्रयोग मराठी मुलखात १९५६ सालीच झाला होता, आणि आजच्या चर्चेत त्याचे नाव कोणी काढत नाही याचे मला आश्चर्य वाटते. आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून पुणे केंद्रावरून तो केला. पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावे निवडली होती. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे श्रोतृमंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीविषयक कार्यक्रम लागे, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न लिहून पुण्याला पाठवले जात. पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्यासाठी ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी गावेही तुलनेला घेतली होती. मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत चांगली भर पडलेली दिसली; नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती.

रेडिओ दोन्हीकडे तोच होता आणि कार्यक्रमही तोच. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याने. मी लहान असताना आमच्या गावी ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती माणसे बसत, तेव्हा बातम्या संपल्यावर जो वाद होई त्याला आम्ही पोरे कंटाळत असू. आज वाटते, खरा वर्ग तो वाद हाच होता.

दुसरा प्रयोग कोल्हापूर-सांगलीकडचा. १९९८ साली वारणा खोऱ्यातील गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ या नावाची योजना सुरू झाली. केंद्र व राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी साखर उद्योग यांनी मिळून गावोगाव संगणक बसवले. उसाची नोंद, तोडीची पाळी, वजन, खत, बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी हा एक हेतू. आणि त्याबरोबर शेतीचे ज्ञान, बाजारभाव, शिक्षण असे बरेच काही त्या खिडकीतून येईल अशी उमेद होती. देशभर तिचे कौतुक झाले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन विभागातील मंडळी तेथे पाहणीला गेली. त्यांना असे आढळले, की संगणकाचा वापर होतो तो मुख्यतः उसाच्या हिशेबापुरता. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल फोन आणि लघुसंदेश यांची व्यवस्था आठ महिने चालवून पाहिली. संगणकावर जे काम होत होते ते सगळे फोनवर झाले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचे वाटले.

या प्रयोगावरून बहुतेक जण ‘मोबाइल स्वस्त आणि सोयीचा’ एवढाच निष्कर्ष काढतात. तो बरोबरच आहे. पण त्याच गटातील केंतारो तोयामा या अभ्यासकाने पुढे, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, जी मांडणी केली ती मला अधिक मोलाची वाटते. तंत्रज्ञान हे वर्धक आहे, असे ते म्हणतात. समाजात जी शक्ती, जी इच्छा आधीच असते तिला ते मोठे करते. जी नाही ती निर्माण करीत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर तो देवळावरचा कर्णा आहे. आत भजन चालू असेल तर भजन गावभर ऐकू जाईल, भांडण चालू असेल तर भांडण. वारणेत उसाचा हिशेब ही लोकांची निकड होती, संघटना उभी होती, म्हणून फोनने ते काम झपाट्याने उचलले. वारणेकाठी जी सहकाराची बैठक आहे ती आमच्या पालम-गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात नाही, हे वारणेचे उदाहरण देताना विसरले जाते.

त्यानंतरचा इतिहास वाचकांच्या डोळ्यांदेखत घडला आहे. तो थोडक्यात सांगतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने दशकभरापूर्वी सौर विजेवर टॅब्लेट चालवून दाखवले आणि तेथून ‘डिजिटल शाळा’ हा शब्द राज्यभर गेला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्यासाठी जे काम केले त्याचा २०२० च्या डिसेंबरात जागतिक शिक्षक पुरस्काराने गौरव झाला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा आली आणि इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. २०१७ च्या सप्टेंबरात केंद्राचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकातील चौकोनी ठिपक्यांवर फोन धरला की त्या धड्याची चित्रफीत उघडू लागली. त्याच वर्षी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ आले. सगळी सामग्री अशी जय्यत तयार होती.

आणि मग परीक्षा आली. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिलमध्येच ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू केला. रोज शिक्षकांच्या व पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दीक्षावरील पाठांचे दुवे जाऊ लागले. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिली मिली’ ही मालिका लागू लागली, ती मुलांना आवडली. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकू येऊ लागली. करणाऱ्यांनी मनापासून केले, यात शंका नाही.

पण दुवा पाठवला म्हणजे तो पोचला असे होत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीचे, म्हणजे २०१७-१८ चे आकडे असे : देशातील ग्रामीण भागात दर १०० कुटुंबांपैकी सुमारे ४ कुटुंबांकडे संगणक आणि सुमारे १५ कुटुंबांकडे इंटरनेटची सोय, शहरात हेच आकडे सुमारे २३ आणि ४२. फोन मात्र झपाट्याने वाढत होते. ‘असर’ या पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांपैकी २०१८ साली ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता, तो २०२० साली ६१.८ टक्के घरांत आढळला. लोकांनी शेळी विकून, उसने घेऊन फोन घेतले, हे मी माझ्या गावात पाहिले आहे. तरीही दहापैकी जवळजवळ चार घरे उरत होती, आणि ती कोणाची असतील हे सांगायला समाजशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

त्या उरलेल्यांसाठी ज्यांनी फोनशिवायचे मार्ग काढले त्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ निघाली. ध्वनिमुद्रित पाठ लाउडस्पीकरवर लावून कार्यकर्ते पाड्यापाड्याने हिंडत. सोलापूरच्या नीलमनगरात एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या भिंती धड्यांनी रंगवून काढल्या, म्हणजे मुलांनी अंतर राखून उभे राहावे आणि वाचावे. फोनवाल्या योजनांपेक्षा या भिंतींना मी काकणभर अधिक मान देतो. भिंतीला रिचार्ज लागत नाही, आणि दादा ती शेतात घेऊन जात नाही.

आता माझ्या वर्गाकडे येतो. गंगाखेड तालुक्यात बालाघाटच्या डोंगररांगेला लागून असलेल्या एका गावातील माझी एक विद्यार्थिनी दसऱ्यानंतर वर्गातून पार नाहीशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले, की आईवडील टोळीबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेले आणि घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर गेला. त्यात अन्याय काय म्हणायचा? मुकादमाचा निरोप त्याच फोनवर येणार, गावाकडची खुशाली त्यावरच कळणार. घरी आजी आणि ही. आमच्या जिल्ह्यातील आणि शेजारच्या बीडमधील हजारो घरांत दिवाळीपासून पाडव्यापर्यंत हीच स्थिती असते. योजना आखणाऱ्याने ‘कुटुंबाकडे फोन आहे’ या रकान्यात या घरापुढे ‘होय’ असेच लिहिले असते.

मी आधी जो उपाय केला तो चुकला. आमच्या तासांची चित्रफीत काढून मी गटावर टाकू लागलो, म्हणजे सवडीने पाहता येईल. एकेक चित्रफीत इतकी जड, की गावातल्या मुलांचा दिवसाचा नेटपॅक तेवढ्यातच संपे. ज्यांच्याकडे फोन होता तेही मग त्या उघडीनासे झाले. एका मुलाने भीत भीत सांगितले, “सर, तुमचा चेहरा नसला तरी चालेल, नुसतं बोललात तरी कळतं.” मी थोडा खट्टू झालो, पण सल्ला लाखाचा होता. मग दहा-बारा मिनिटांचा नुसता आवाज मुद्रित करून पाठवू लागलो. तो चटकन उतरे आणि पुन्हापुन्हा ऐकता येई.

त्या गावात महाविद्यालयातल्या आणखी दोन मुली होत्या. त्यांपैकी एकीच्या चुलत्याने रात्री जेवणानंतर तासभर फोन देण्याचे कबूल केले. तिघी त्याच चुलत्याच्या ओट्यावर बसत, पाठ दोनदा ऐकत, आपसांत बोलत, आणि मग त्यांचे प्रश्न स्वतःच्या आवाजात मला पाठवीत. पुण्याच्या श्रोतृमंडळांविषयी मी तोवर वाचले नव्हते. पुढे वाचले तेव्हा हसू आले, की १९५६ साली लोकांनी जे जाणून केले ते आम्ही अडचणीतून शिकलो. प्रत्यक्ष वर्गात या तिघींनी मला कधी प्रश्न विचारला नव्हता. ओट्यावरून मात्र प्रश्न येऊ लागले, आणि तेही मुद्द्याचे. स्तरीकरणाच्या पाठानंतर एकीने विचारले, “सर, एका घरात राहून दोन माणसं दोन स्तरांत असू शकतात का?” पाठामागे रातकिड्यांचा, भांड्यांचा, आजीच्या खोकल्याचा आवाज असे. एवढा जिवंत वर्ग मला त्या वर्षी दुसरीकडे मिळाला नाही.

२०२१ च्या वैशाखात त्या तिघींपैकी एकीचे लग्न झाले. तिचे दुसरे वर्ष अर्धे राहिले. लग्नाची पत्रिका मला त्याच फोनवरून आली, ज्यावरून तिचे प्रश्न येत असत. मी तिच्या वडिलांना फोन केला होता. ते आदराने बोलले, म्हणाले, “सर, कॉलेज बंद, पोरगी घरी, मी सहा महिने बाहेर. कशाच्या भरवशावर ठेवू?” याला उत्तर देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. मोबाइलवरील शिक्षणाची चर्चा ऐकताना मला आजही प्रथम हा प्रश्न आठवतो. शाळेची इमारत ही मुलीला घराबाहेर पडण्याची मान्य सबब असते, आणि फोनवर शाळा भरली की ती सबब जाते, हे मी त्यापूर्वी ध्यानातच घेतले नव्हते.

मुलींचा प्रश्न आपल्याच भागाचा आहे असे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३८ टक्के आणि पुरुषांचे ६१.५ टक्के निघाले. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना प्रश्न विचारले होते, महाराष्ट्रातून त्यासाठी आपला शेजारी नांदेड जिल्हा निवडलेला होता. देशभराचा निष्कर्ष असा, की सुमारे ९० टक्के घरांत आता स्मार्टफोन आहे आणि जवळजवळ तेवढ्याच मुलामुलींना तो वापरताही येतो. म्हणजे साधनाची पायरी बरीचशी चढली गेली. पण ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, तर मुली १९.८ टक्के. दरी बुजली म्हणावे तर ती घराच्या बाहेरून सरकून घराच्या आत आली आहे.

केरळातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन वापरण्यास मनाई होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही, तिला वसतिगृह सोडावे लागले, आणि ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. वसतिगृहाविरुद्ध न्यायालयात जाता येते. दादाविरुद्ध कोठे जाणार?

दुसरी गोष्ट भाषेची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी स्वयम् वरील अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा दिली आहे. उत्तम गोष्ट आहे. पण आमच्या कला शाखेचा विद्यार्थी तेथे जातो तेव्हा त्याच्यापुढे बहुतांशी इंग्रजी उभी राहते. आजोबांपुढे उर्दू उभी होती, नातवापुढे इंग्रजी. मधली पिढीच काय ती सुखात शिकली, असे कधी कधी वाटते. माझे काही विद्यार्थी मराठी निरोपही रोमन अक्षरांत लिहितात, कारण फोनवर मराठी कळफलक कसा आणायचा हे त्यांना कोणी दाखवलेलेच नाही. दहा मिनिटांचे काम आहे. आता पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी तेच करतो.

या बाबतीत शेतीखात्याची मंडळी आपल्यापेक्षा पुढे गेली आहेत, हे परभणीकराने तरी मान्य करावे. येथील कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा अंदाज व त्यानुसार पिकांचा सल्ला निघतो. २०१९ पासून ‘मेघदूत’ ॲपवरही असा सल्ला आपल्या भाषेत वाचता येतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कापूस उत्पादकांना फोनवर आवाजी संदेश पाठवण्याची पद्धत वापरली, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने ज्यांचे कापसाचे पीक खाल्ले त्यांना अशा वेळेवरच्या निरोपाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. आवाज हा विशेष आहे. माझी मोठी काकू निरक्षर आहे; पण फोनवरचा आवाजी निरोप ती लावते, ऐकते आणि उलट निरोपही पाठवते. जात्यावर ऐकून ऐकून शेकडो ओव्या पाठ करणाऱ्या बायकांच्या या मुलखात, जनाबाईच्या गंगाखेडात, कानाने शिकणे कोणाला नवे नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी काही करायचे असेल तर चित्रफितींच्या मागे न लागता आपण आवाजाकडे वळावे असे मला वाटते. माहितीही कमी खर्ची पडते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचे ठरवले, म्हणजे मुलांनी अभ्यास करावा आणि माणसांनी एकमेकांशी बोलावे. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलच नको असा ठराव केला. दोन वर्षांपूर्वी ज्या वस्तूवाचून मूल मागे पडेल म्हणून शेळी विकली, तीच वस्तू आता बंद करायला भोंगा लागतो! शहरातील काही मंडळींनी या गावांना हसून घेतले. मला हसू आले नाही. वडगावच्या ठरावात एक शहाणपण आहे : फोन केव्हा चालू आणि केव्हा बंद, हे गावाने एकत्र बसून ठरवले, आणि नियम सगळ्यांना, वडीलधाऱ्यांनाही, सारखा लावला. बांशीचा ठराव मला तितका पटत नाही. सरसकट बंदी आली की दादाचा फोन चालूच राहतो आणि बहिणीचा तेवढा कायमचा जातो, अशी मला भीती वाटते. तेथील हेतू चांगला होता, हे मान्य करूनही.

आमच्या महाविद्यालयात आम्ही सध्या जे करतो ते फार मोठे नाही. ग्रंथालयात एक टेबल आहे. तेथे वायफाय चालते, निदान चालावे अशी अपेक्षा असते. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले दर गुरुवारी तेथे बसून दीक्षा, स्वयम् आणि आमचे स्वतःचे ध्वनिमुद्रित पाठ फोनमध्ये उतरवून देतात, म्हणजे गावी गेल्यावर रेंज नसली तरी ते ऐकता येतात. एका फोनमागे तीन जण असा गट आम्ही मुद्दाम करतो. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे त्यांनाही गटात बसवतो. सुरुवातीला त्यांची कुरकुर होती. प्रश्न आवाजात पाठवायचे, आणि तेही गटाने ठरवून एकच. ज्या मुली गटात आल्या त्यांच्या घरी आमच्या प्राध्यापक भगिनी एकदा जाऊन येतात, आणि ‘रात्री एक तास फोन हिचा’ एवढे एकच बोलणे करून येतात. कोठे चहा मिळतो, कोठे नुसतेच “बघू” मिळते. पालमकडच्या एका आजोबांनी मात्र नातवाला समोर बोलावून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून तास नेमून दिला.

गेल्या महिन्यात दुपारी मी ग्रंथालयात होतो. कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल घेतलेली एक बाई दारात येऊन उभी राहिली आणि “सर, ओळखलंत का?” म्हणाली. आवाजावरून ओळखले, ओट्यावरच्या तिघींपैकी ही, जिची पत्रिका आली होती ती. सासर आता जवळच्याच तालुक्यात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून राहिलेली पदवी पुरी करता येईल का, हे विचारायला ती आली होती. मी तिला अभ्यासकेंद्राची माहिती दिली, अर्जाची मुदत सांगितली. मग ती जरा संकोचून म्हणाली, “तुमचे ते आवाजाचे पाठ अजून आहेत का?” मधल्या काळात माझा फोन दोनदा बदलला होता. जुन्या साठ्यात शोधले तेव्हा त्या वर्षीच्या पाठांपैकी सात सापडले. सेवा योजनेच्या मुलाने ते तिच्या फोनवर घालून देण्यासाठी हात पुढे केला.

“फोन तुझा का गं?” मी विचारले.

“नाही सर, ह्यांचा आहे. दोन वाजेपर्यंत माझ्याकडे असतो,” ती म्हणाली, आणि तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती. पाचवा पाठ उतरत होता.